माईसाहेबांची हकिगत
(देहूरोड येथे दिलेले भाषण)



आपल्या देहूरोडचा बुद्धविहार तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या काळात बाबासाहेबांची प्रकृती फार खालावली होती. मधुमेह होता, पाय दुखत. त्यांना कोण जपत होतं? आज आम्ही त्या बाईंविषयी सांगणार आहोत.

त्या डॉक्टर होत्या. माहेरचं नाव शारदा कबीर. मुंबईत त्या डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करीत. बाबासाहेब तिथं औषधासाठी येत. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचं लग्न झालं. शारदेच्या सविता झाल्या. लोक त्यांना माईसाहेब म्हणू लागले. पुढं आठ वर्षं बाबासाहेबांचं पथ्यपाणी त्यांनी सांभाळलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनीही धम्मदीक्षा घेतली.

त्याच साली ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. मग काही लोकांनी माईसाहेबांवरच संशय घेतला. सरकारनं चौकशी केली. मरण नैसर्गिक होतं, असं ठरलं. तरी पुष्कळांच्या मनातलं किल्मिष गेलं नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका. बुद्धावरच्या आपल्या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १५ मार्च १९५६ रोजी प्रस्तावना लिहिली होती. पत्नीनं आणि डॉ. मालवणकरांनी जपलं म्हणून ग्रंथ पुरा झाला, असं तीत म्हटलं होतं. १९५७ साली ग्रंथ छापून आला. त्यात ती प्रस्तावना नव्हती!

म्हणजे लिहिलेलं मागं राहिलं आणि तोंडची बोलणी गावोगाव फिरली.

माईसाहेबांनी अखेर आपली हकिगत पुस्तकात मांडली. नाव, ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’. साल १९९०. त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं, तेही माईसाहेबांनीच स्वीकारलं. २००३ साली त्या वारल्या. पुस्तक मात्र राहिलं. त्यात त्यांची बाजू आहे. ती वाचावी, दुसऱ्यांचीही वाचावी, मग आपलं मत करावं.

मंडळी, आता तुम्हांलाही अक्षर आलं आहे. पुढाऱ्याचं नाव पाटीवर लागतं. घर सांभाळणारीचं कोण लिहितो? एक वही घ्या. घरच्या म्हातारीला विचारा, साल घाला, नाव घाला आणि तिची हकिगत लिहून ठेवा.