सुटलेला हात पुन्हा बसताना
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्यापैकी कित्येक गृहस्थ एके काळी चांगले खेळाडू, वादक किंवा पट्टीचे पोहणारे होते. पुढे संसार वाढला आणि तो नाद सुटला. मुले मार्गी लागल्यावर पुन्हा ओढ लागते, पण चार दिवसांत हिरमुसून ते म्हणतात, "आता हात गेला." या मंडळींकरिता आम्ही आज गोल्फच्या एका खेळाडूची हकीगत निवडली आहे. आम्ही स्वतः ती काठी कधी हाती धरलेली नाही. चेंबूरचे मैदान कुंपणाबाहेरून पाहिले, एवढीच ओळख. परंतु खेळ समजण्यास सोपा आहे. कमीत कमी टोल्यांत चेंडू क्रमाने 18 खळग्यांत घालावयाचा, आणि त्यासाठी मैलोगणती चालावयाचे.

अमेरिकेतील टेक्सास प्रांतात 1912 साली जन्मलेला बेन होगन हा मूळचा कॅडी, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा पोऱ्या. त्याचा टोला डावीकडे वळत जाई. तो दोष काढण्यात उमेदीची वर्षे गेली, आणि पहिले मोठे अजिंक्यपद मिळाले तेव्हा तो 34 वर्षांचा होता. पुढे 2 फेब्रुवारी 1949 रोजी धुक्यात समोरून येणारी बस त्याच्या मोटारीवर आदळली. पत्नीला वाचविण्यासाठी त्याने तिच्या अंगावर झेप घेतली, आणि त्यामुळेच तोही वाचला. कारण सुकाणूचा दांडा त्याच्या रिकाम्या आसनात घुसला. कमरेचे हाड मोडले, डावा घोटा मोडला. रक्ताच्या गुठळ्या वर चढू लागल्या, तेव्हा पोटातील मोठी नीला बांधून टाकावी लागली. त्यानंतर पायांतील रक्त नीट वर फिरेना, ते अखेरपर्यंत.

असा मनुष्य परत आला तो कसा, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. जून 1950 मध्ये मेरियन येथील राष्ट्रीय स्पर्धेत अखेरच्या दिवशी 36 खळगे खेळावयाचे होते. पायांना पट्ट्या बांधून, गोळे येत असता तो ते चालला, बरोबरीत आला, आणि दुसऱ्या दिवशी निर्णायक डाव जिंकला. वर्तमानपत्रांनी याला चमत्कार म्हटले. आम्हांस तो हिशेब वाटतो. यापुढे पाय किती साथ देतील हे ओळखून त्याने स्पर्धाच मोजक्या केल्या. 1953 साली तो केवळ सहा स्पर्धा खेळला आणि त्यांपैकी पाच जिंकल्या. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे तो दोन आठवडे आधी जाऊन राहिला, कारण तेथील चेंडू अमेरिकन चेंडूहून किंचित लहान होता. तेथे त्याचे टोले अनुक्रमे 73, 71, 70 आणि 68 झाले. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीहून कमी!

मात्र सारे परत येत नाही, हेही सांगितले पाहिजे. मे महिन्याच्या सुटीनंतर मुलांना काही पाढे धडाधड येतात आणि एखादा अडतो तो अडतोच, तसेच हे. शेकडो यार्ड दूर अचूक चेंडू धाडणारा होगन पुढे हिरवळीवर दोन हातांच्या अंतरावरून तो खळग्यात ढकलताना थिजून उभा राही. हात मागे जाईना. मोठे टोले सरावाने राखता आले. हा हलका टोला वयाबरोबर हातचा गेला तो गेलाच.

1960 साली, 47 व्या वर्षी, डेन्व्हरजवळच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याच्यासोबत जॅक निकलॉस हा 20 वर्षांचा विद्यार्थी खेळत होता. शेवटच्या दिवसाच्या पहिल्या 34 खळग्यांवर होगनचा चेंडू प्रत्येक वेळी नेमक्या टोल्यांत हिरवळीवर पोहोचला. पस्तिसाव्यास तो आघाडीच्या बरोबरीत होता. तेथे हिरवळीच्या पुढ्यात पाणी होते. चेंडू किंचित आखूड पडून काठाशी पाण्यात घरंगळला. होगनने एका पायातील बूट व मोजा काढला, पाय पाण्यात रोवला आणि तेथूनच चेंडू मारला.