जुन्या व्हॅनची डिझेल टाकी बदलताना

भाजीपाला बाजारात नेणाऱ्या मॅटॅडोरसारख्या जुन्या डिझेल व्हॅनची टाकी बहुधा तळाकडून गंजते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते व पत्रा आतून खाते. टाकी गळू लागली की आपण वेल्डिंगवाल्याकडे धावतो. पण रिकाम्या टाकीतही इंधनाची वाफ असते. ठिणगी पडली तर स्फोट होऊन जीव जाऊ शकतो. तळ चाळणीसारखा झाला असेल तर टाकी बदलणेच हिताचे.

नवी टाकी जीआय पत्र्याची घेऊ नये. त्यावरील जस्ताची डिझेलमधील आम्लांशी प्रक्रिया होऊन चिकट साका बनतो व फिल्टर तुंबतो. जुनी टाकी सोबत नेऊन पट्ट्यांची जागा, फ्लोटचे भोक आणि नळ्यांची मापे जुळवावीत. पंपाकडून डिझेल परत आणणारी नळी विसरू नये. तळाला निचऱ्याचा बोल्ट असल्यास साचलेले पाणी काढता येते.

टाकीत किती डिझेल मावेल? आतील लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला १००० ने भागावे. ६० × ४० × ३० ची टाकी ७२ लिटरची होते. मात्र ती काठोकाठ भरू नये, डिझेल तापले की फुगते.

टाकी बसवल्यावर फिल्टरही बदलावा. झाकणातील हवेचे छिद्र मोकळे ठेवावे, नाहीतर डिझेल ओढले जात नाही. टाकीचा खर्च एकदाच होतो; पहाटेचा माल वाटेत अडकला तर नुकसान साऱ्या तोडणीचे होते.