श्रद्धा, शीण आणि सात पिढ्यांची प्रतीक्षा

ख्रिस्ती श्रद्धेपुढील संकटांचा विचार करताना छळ आणि शंका यांचा ऊहापोह भरपूर होतो. त्या मानाने शिणाचा विचार फारसा होत नाही. छळाच्या काळात माणूस कंबर कसून उभा राहतो आणि शंका आली तर तिचे उत्तर शोधू लागतो. परंतु वर्षामागून वर्षे केलेल्या प्रार्थनेला फळ येताना दिसत नाही आणि वाट पाहणाऱ्याचे मन कोरडे पडत जाते, तेव्हा नेमके कशाशी झुंजावे हेच त्याला उमगत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात साधना करणाऱ्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती तपस्व्याने ज्या ‘अकेदिया’चे वर्णन केले, ती हीच अवस्था होय. अकेदिया म्हणजे साधनेचा, जागेचा आणि सोबत्यांचाही वीट आणणारी आत्म्याची मरगळ. तिच्यावरचा त्याचा उपाय साधा होता, तो म्हणजे आपली कुटी न सोडता हातातले काम आणि नेमाची प्रार्थना चालू ठेवणे. एका साधकासाठी सांगितलेला हा उपाय एका अख्ख्या समाजाने दोनशेहून अधिक वर्षे आचरल्याचे उदाहरण जपानच्या नागासाकी परिसरात आढळते, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तोच आहे.

या इतिहासाचे धागे गोवा आणि वसईपर्यंत पोचतात. अंजिरो नावाच्या जपानी गृहस्थाचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्तसभेत प्रवेश देणारा जलसंस्कार, १५४८ मध्ये गोव्यात झाला आणि त्यालाच सोबत घेऊन संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. पुढील साठ-पासष्ट वर्षांत जपानी ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे तीन लाखांपर्यंत गेली, तसा हा धर्म तेथील राज्यकर्त्यांना परकीय सत्तेचा हस्तक वाटू लागला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीच्या आज्ञेने नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून ठार करण्यात आले; त्यांत वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया होते. १६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने देशभर बंदी घातली, ख्रिस्ती शेतकऱ्यांचा मोठा सहभाग असलेल्या १६३७-३८ च्या शिमाबारा उठावानंतर ती अधिकच कडक झाली आणि १६४४ मध्ये गुप्तपणे वावरणारे अखेरचे धर्मगुरू मान्शो कोनिशी यांना मरण आले. ज्या श्रद्धेत मिस्सा आणि पापनिवेदन हे संस्कार धर्मगुरूखेरीज होऊच शकत नाहीत, तिच्या अनुयायांना आता धर्मगुरूच उरला नव्हता.

शासनाची पकड केवळ तलवारीची नव्हती. प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात सक्तीची झाली. पाच-पाच घरांचे गट करून एकाच्या गुन्ह्याची जबाबदारी पाचांवर टाकण्यात आली. ख्रिस्ती माणसाची खबर देणाऱ्यास चांदीचे इनाम जाहीर करणारे फलक गावोगावी लागले. नागासाकीत वर्षारंभी लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. या सक्तीच्या परीक्षेला ‘फुमिए’ म्हणत. अशा वातावरणात एकट्या माणसाच्या मनोबलावर विसंबणारी श्रद्धा एक-दोन पिढ्यांत विझून गेली असती, आणि अनेक ठिकाणी तसे झालेही.

जेथे ती टिकली तेथे ती कामांची वाटणी करून टिकली, हा या इतिहासाचा गाभा आहे. नागासाकीलगतच्या उराकामी गावात तीन जबाबदाऱ्या ठरलेल्या होत्या. ‘चोकाता’ हा वही सांभाळणारा: सणांचे, उपवासांचे आणि काम वर्ज्य असलेले दिवस तो वर्षभरासाठी काढून देई. ‘मिझुकाता’ हा जन्मलेल्या बाळाला बाप्तिस्मा देई; अडचणीच्या प्रसंगी सामान्य श्रद्धावंतानेही हा संस्कार दिला तरी तो ग्राह्य ठरतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्याच्या कामी आली. ‘किकियाकु’ हा निरोप्या चोकाताने काढलेले दिवस घरोघर कळवी. ‘ओराश्यो’ म्हणजे लॅटिन, पोर्तुगीज आणि जपानी शब्दांनी मिसळलेल्या प्रार्थना आईबापांकडून मुलांकडे तोंडपाठ जात राहिल्या; त्यांतील कित्येक शब्दांचा अर्थ पाठ करणाऱ्यांनाही कळत नसे. ही घोकंपट्टी कोणाला यांत्रिक वाटेल; परंतु मन थकलेले असताना जिभेने धरून ठेवलेली प्रार्थना पुढच्या पिढीला अर्थासह परत मिळू शकते, आणि सोडून दिलेली प्रार्थना मात्र कोणालाच मिळत नाही.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. प्रतिमेवर पाय ठेवलेल्या माणसाने पुन्हा प्रार्थनेला कोणत्या तोंडाने बसावे, हा प्रश्न दरवर्षी उभा राहत असे. त्याचे उत्तर ‘कोंचिरिसान’मध्ये होते. कोंचिरिसान म्हणजे शिक्षेच्या भीतीतून नव्हे, तर देवावरील प्रेमातून उपजलेला पूर्ण पश्चात्ताप. धर्मगुरू मिळण्याची सोय नसेल तेव्हा असा पश्चात्ताप आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय यांनी क्षमा मिळते, असे सांगणारी पुस्तिका १६०३ मध्ये तयार झाली होती आणि ती नकला करून जपली गेली. फुमिएहून परतलेले लोक घरी ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. हुतात्म्यांचे धैर्य वंदनीय आहेच. पण २५० वर्षांचा पल्ला गाठला तो मुख्यतः पडलेल्या आणि पुन्हा उठलेल्या माणसांनी, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

तिसरी गोष्ट आशेच्या स्वरूपाची. बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाने हौतात्म्यापूर्वी सांगून ठेवले होते की, सात पिढ्यांनंतर पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू मोठ्या जहाजांतून येतील आणि ख्रिस्ती गीते उघडपणे गाता येतील. या भाकिताने प्रतीक्षेला सीमा घातली. पण त्याचबरोबर दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीतील माणसाला हेही कळत होते की, तो दिवस त्याच्या हयातीत उजाडणार नाही. तरीही चोकाताने दिवस काढले आणि मिझुकाताने बाळांच्या डोक्यावर पाणी ओतले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, वचनाची पूर्ती न पाहताच विश्वासात मरण पावलेल्या पूर्वजांचा जो गौरव आहे, त्याचा अर्थ या लोकांनी जगून दाखवला: प्रतीक्षा स्वतःच्या समाधानासाठी असेल तर ती लवकर थकते, पुढच्यांसाठी असेल तर तिला बळ मिळते.

या साऱ्याची कसोटी १७ मार्च १८६५ रोजी लागली. परकीयांसाठी नागासाकीत नुकतेच उघडलेले ओउरा चर्च निशिझाकाच्या २६ हुतात्म्यांना, म्हणजे १८६२ मध्ये संतपद मिळालेल्या गोन्सालो गार्सिया आणि त्यांच्या सोबत्यांना, अर्पण केलेले होते. उराकामीहून आलेल्या पंधराएक जणांपैकी एका स्त्रीने फ्रेंच धर्मगुरू बर्नार प्तीजाँ यांना, आपले हृदय तुमच्या हृदयासारखेच आहे, असे हलक्या आवाजात सांगितले आणि मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. त्याच भेटीत त्या लोकांनी सांगितले की, सध्या दुःखाच्या ऋतूचा सतरावा दिवस चालू आहे. दुःखाचा ऋतू म्हणजे पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचा उपवासकाळ. त्या वर्षी हा सण १६ एप्रिलला होता, त्यामुळे उपवासकाळ १ मार्चला, राखेच्या बुधवारी, सुरू झाला होता. म्हणजे १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस होता. रोमशी कसलाही संपर्क नसताना दोन शतके केवळ एका वहीच्या आणि निरोपाच्या आधारे चाललेली गणना एका दिवसानेही चुकली नव्हती.

प्रतीक्षा संपली म्हणून कष्ट संपले नाहीत. उघडपणे ख्रिस्ती म्हणवून घेऊन मंदिराचे अंत्यविधी नाकारणाऱ्या उराकामीच्या लोकांची १८६७ मध्ये धरपकड झाली, पुढे सुमारे ३,४०० जणांना दूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले आणि त्यांतील सहाशेहून अधिक जण तेथे मरण पावले. बंदीचे फलक १८७३ मध्ये उतरले, तेव्हा उरलेले घरी आले. काही समाज, उदाहरणार्थ इकित्सुकी बेटावरील अनेक कुटुंबे, चर्चमध्ये परतलेच नाहीत. पूर्वजांनी जपलेली रीत हाच त्यांना खरा वारसा वाटला. उराकामीचे भव्य चर्च उभे राहिले आणि ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने ते उद्ध्वस्त केले. परिसरातील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० च्या आसपास दगावले. १९५९ मध्ये तेच चर्च पुन्हा बांधण्यात आले.

या इतिहासावरून निघणारा निष्कर्ष असा की, श्रद्धेची ऊब ओसरणे म्हणजे श्रद्धा संपणे नव्हे, आणि शिणावर उत्साहाचे आवाहन हा उपाय नव्हे. आजच्या धर्मग्रामांत, मग ते वसईत असोत, गोव्यात असोत वा परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत असोत, थकलेला माणूस दिसला तर त्याच्या भक्तीची तपासणी करू नये. त्याला सांभाळण्यासाठी एखादे छोटे काम द्यावे, चुकला असेल तर परतण्याची वाट मोकळी ठेवावी, आणि ज्या दिवशी त्याला प्रार्थना करवत नाही त्या दिवशी ती त्याच्या वतीने इतरांनी करावी.