वारीवरचं संशोधन शोधताना

आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी विश्रांतवाडीवरून पुण्यात येते. या वारीवर अभ्यास करायचाय? मग गूगल स्कॉलरवर रोमन लिपीत नुसतं ‘वारी’ टाकून भागत नाही. ‘पिलग्रिमेज’, ‘पंढरपूर’ जोडा, जुन्या लेखनासाठी ‘पूना’ही घ्या. पर्यायी शब्दांमध्ये कॅपिटल अक्षरांत ‘ऑर’ लिहा. सलग शब्दसमूह अवतरणचिन्हांत ठेवा.

विश्रांतवाडीजवळच्याच डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे यांचा वारीवरचा इंग्रजी लेख १९६२ साली प्रसिद्ध झाला. तो सापडला की त्याखालच्या ‘साइटेड बाय’वर जा. त्याचा आधार घेणारे पुढचे अभ्यासक एकामागून एक भेटू लागतात. माझ्या मते ही युक्ती सर्वांत फलदायी. पीएच.डी.चे प्रबंध मात्र ‘शोधगंगा’वर पाहा. आणि हो, कोणते शब्द वापरून शोधलं, ते तारखेसह वहीत टिपून ठेवा.