सदैव हजर : लोहमार्ग पोलिसांचा कामाचा दिवस



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो कारखान्याविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आम्ही आज ज्याच्याविषयी बोलणार आहोत त्याला कायदा कामगार म्हणत नाही, आणि खरे सांगायचे तर आमच्या चळवळीनेही त्याला कधी आपला म्हटलेले नाही. तो म्हणजे लोहमार्ग पोलीस. पोलिसाची आणि आमची भेट बहुधा मोर्चातच होते. काठीचे एक टोक त्याच्या हातात, दुसरे आमच्या पाठीवर. म्हणूनच त्याची बाजू आम्ही मांडली तर ती लाडीगोडीची आहे, असे कोणी म्हणणार नाही.

नाशिकरोडच्या किंवा मनमाडच्या फलाटावर आपल्याला दोन प्रकारचे खाकी गणवेश दिसतात. एक रेल्वे सुरक्षा दलाचा. हे दल केंद्राचे, १९५७ च्या कायद्याने उभे राहिलेले. रेल्वेच्या मालमत्तेची आणि प्रवाशांची राखण हे त्याचे काम. दुसरा लोहमार्ग पोलिसांचा. हे राज्य सरकारचे. गाडीत, फलाटावर, रुळांवर चोरी झाली, मारामारी झाली, खून झाला, तर गुन्हा नोंदवणे आणि तपास करणे यांच्याकडे. घटनेच्या राज्यसूचीत 'पोलीस' या शब्दापुढे रेल्वे पोलिसांचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यांच्यावरचा खर्च मात्र राज्य आणि रेल्वे निम्मा निम्मा वाटून घेतात. म्हणजे चार माणसे वाढवायची झाली तर दोन घरची संमती लागते. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपल्याकडे उगीच नाही.

आता काम पाहा. शहरातल्या ठाण्याला हद्द असते. वस्ती ओळखीची असते. लोहमार्ग पोलिसाची वस्ती ताशी शंभर किलोमीटर वेगाने पळत असते. समजा, एखादी बाई कल्याणला झोपली आणि मनमाडला जागी झाली, तो गळ्यातले मंगळसूत्र नाही. चोर कसाऱ्याला उतरला की इगतपुरीला, हे तिला ठाऊक नाही. साक्षीदार सारे त्याच गाडीत बसून पुढे भुसावळकडे गेले. गुन्हा जिथे कळवला तिथे नोंदवावाच लागतो, आणि ते योग्यच आहे. मग कागद फिरतात आणि कागदांमागे शिपाई फिरतो. रात्रीच्या गाडीच्या गस्तीवर जो निघाला, तो एका गाडीने जातो आणि मिळेल त्या गाडीने परततो. गाडी उशिरा, तर त्याचे घरही उशिरा.

आणि एक काम असे आहे, की ज्याविषयी आपण बोलत नाही. रुळांवर माणूस सापडला की स्टेशनमास्तरची चिठ्ठी लोहमार्ग ठाण्यात येते. मग हमालाला घेऊन अंमलदार रुळांतून चालत जातो, पावसात, अंधारात. शरीर गोळा करायचे, पंचनामा करायचा, सरकारी रुग्णालयात पोचवायचे. खिशात चिठ्ठी नाही, तिकीट नाही. मग हातावरचे गोंदण, शर्टावरचे शिंप्याचे लेबल, यांवरून नातलग शोधायचे. नाहीच सापडले तर बेवारसाचे अंत्यविधीही त्याच्याच डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी तोच माणूस फलाटावर आपल्याशी तुसडेपणाने बोलला, तर आपण म्हणतो, पोलीस असाच.

त्याच फलाटावरची दुसरी माणसे पाहा. इंजिनचालकांनी १९७३ साली संप करून दहा तासांच्या पाळीचे वचन मिळवले. रेल्वेच्या इतर नोकरांच्या कामाच्या तासांना नियम आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले आणि जादा कामाला दुप्पट वेतन. पोलिसाला काय? १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचे अठ्ठाविसावे कलम म्हणते, की पोलीस सदैव कामावर आहे असे मानावे. आम्ही युनियनच्या कचेरीत दिव्याखाली बसून कायदा शिकलो, पण माणसाची झोपच रद्द करणारे दुसरे कलम आमच्या वाचनात आले नाही.

आणि हे कोणाला सांगायची सोय नाही. १९६६ च्या कायद्याने सरकारच्या परवानगीवाचून पोलिसाला कामगार संघटनेत जाता येत नाही. यावर उत्तर ठरलेले असते : १९८२ आठवा. आठवतो. त्या वर्षी गिरणी कामगारांचा संप चालू असतानाच ऑगस्टात मुंबईचे पोलीस रस्त्यावर आले, त्यांच्या संघटनेची मान्यता गेली, शहरात लुटालूट झाली, सैन्य बोलवावे लागले. बंदूक हाती असलेल्याने संप करू नये, हे आम्हीही मान्य करतो. पण संप बंद म्हणजे तोंडही बंद, हे कोणते तर्कशास्त्र? विलायतेत १९१८ आणि १९१९ साली पोलिसांनी संप केले. तिथल्या सरकारने १९१९ च्या कायद्याने कामगार संघटना आणि संप यांना मनाई केली, पण त्याच कायद्याने पोलिसांची गाऱ्हाणी मांडणारी मंडळीही स्थापून दिली. दूर कशाला, आपल्या केरळात पोलिसांची संघटना आहे, आणि तिथे काही अराजक माजलेले नाही.

तास कमी होतात, हेही सिद्ध झाले आहे. २०१६ साली दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला आणि पुढे तो इतर ठाण्यांत गेला. २०२२ साली राज्यात महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश निघाला. प्रयोग आणि आदेश मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीवर जगतात. हक्क कायद्यावर जगतो.

आमचे मागणे म्हणून तीनच. लोहमार्ग पोलिसाची पाळी लेखी ठरावी, आणि गाडीच्या उशिराचा वेळ कामातच धरावा. रुळांवरची प्रेते उचलणाऱ्याला त्यानंतर विश्रांती मिळावी. आणि संपाचा हक्क नको, पण गाऱ्हाणे मांडायला निवडून दिलेली मंडळी हवीत.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अठ्ठावन्न माणसे मेली. तिथे धावून जाणारे लोहमार्ग पोलीस निरीक्षक शशांक शिंदे गोळ्यांना बळी पडले. आपण हुतात्म्याला हार घालतो. जिवंत असताना त्याच्या सोबत्यांना झोप मिळते का, एवढे विचारत नाही. २०२७ च्या सिंहस्थात लाखो यात्रेकरू नाशिकरोडला उतरतील. त्या गर्दीत आपल्या म्हातारीचा हात धरून तिला जिना उतरवणारा अंमलदार किती तासांचा जागा आहे, हा प्रश्न तेव्हा आपलाही असेल. तो आज विचारावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.