सायनसचे ‘फुग्याचे ऑपरेशन’ : समज आणि गैरसमज

(संस्थेच्या वार्षिक समारंभानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात नाकाच्या आजारावर भाषण कशाला, असे काहींना वाटले असेल. परंतु ज्या मुलाचे नाक रात्रभर चोंदलेले असते तो सकाळी वर्गात पेंगतो, आणि शिक्षक त्याला आळशी समजतात. ज्या आईचे डोके वर्षभर जड असते तिचे घरात कशातच लक्ष लागत नाही. दवाखान्यात मला दोन प्रकारची कुटुंबे भेटतात. एक भीतीपोटी दहा-दहा वर्षे उपचार टाळणारे. दुसरे, कुणीतरी ‘फुग्याने सायनस कायमचा जातो’ असे सांगितले म्हणून दागिने गहाण ठेवून ऑपरेशनला निघालेले. दोघांचेही नुकसान होते, आणि ते अपुऱ्या माहितीमुळे होते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘मला सायनस आहे’ असे आपण म्हणतो. वास्तविक सायनस प्रत्येकालाच असतात. कपाळ, गाल, दोन डोळ्यांमधला भाग आणि नाकाच्या पाठीमागचा खोल भाग येथील हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांनाच सायनस म्हणतात. त्यांच्या आतल्या पातळ अस्तरावर अतिसूक्ष्म रोम असतात. हे रोम आतला चिकट स्राव सतत ढकलत एका ठराविक लहानशा तोंडाकडे नेतात, आणि तेथून तो नाकात उतरतो. हे तोंड सुजेने बंद झाले की स्राव आत तुंबतो, त्यात जंतू वाढतात आणि सूज आणखी वाढते. मोरीचे तोंड तुंबल्यावर न्हाणीघरात पाणी साचते, तसेच हे आहे. हा त्रास १२ आठवड्यांहून अधिक काळ टिकला तर त्याला जुनाट सायनसायटिस म्हणतात.

आता थोडा इतिहास. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॉल्डवेल आणि फ्रान्समधील ल्यूक या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे एक शस्त्रक्रिया सुचविली. वरच्या ओठाच्या आतून छेद घेऊन गालाच्या हाडाला भोक पाडायचे आणि सायनसचे अस्तर खरवडून काढायचे, अशी ती होती. पुढे अनेक दशके ती चालली. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी सायनसच्या ऑपरेशनला घाबरतात, ती या शस्त्रक्रियेच्या आणि ‘पंक्चर करून सायनस धुण्याच्या’ आठवणीने. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या भिंगरचनेमुळे बारीक पण स्वच्छ दिसणारी दुर्बीण तयार झाली. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिले की रोम स्राव नेहमी नैसर्गिक तोंडाकडेच नेतात. दुसरीकडे भोक पाडले तरी त्यांची वाट बदलत नाही. म्हणून अस्तर खरवडण्याऐवजी मूळ तोंड मोकळे करावे, हा विचार पुढे आला. त्यातूनच नाकातून दुर्बिणीने करायची शस्त्रक्रिया निघाली आणि १९८५ पासून अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांच्या लेखनामुळे ती जगभर पसरली. २००५ साली अमेरिकेत सायनससाठी फुग्याच्या साधनाला परवानगी मिळाली. हीच बलून सायनुप्लास्टी होय.

यात काय करतात? नाकातून दुर्बिणीच्या देखरेखीखाली एक बारीक लवचिक तार सायनसच्या तोंडातून आत सरकवितात. तिच्यावरून मिटलेला छोटा फुगा तोंडापाशी नेतात आणि काही सेकंद फुगवितात. फुगलेला असताना त्याची रुंदी साधारण ५ ते ७ मिलिमीटर असते. त्याच्या दाबाने तोंडाभोवतीचे पापुद्र्यासारखे हाड किंचित सरकते आणि वाट रुंद होते. मग फुगा मिटवून बाहेर काढतात आणि गरज असेल तर आतला भाग धुतात. चेहऱ्यावर कोठेही छेद नसतो. काही रुग्णांत हे केवळ जागा बधिर करून करता येते, काहींना पूर्ण भूल द्यावी लागते.

आता गैरसमजांकडे वळू.

पहिला गैरसमज : फुगा आत ठेवतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगवल्यानंतर स्टेंट बसवितात हे लोकांनी ऐकलेले असते, त्यावरून हा समज झाला असावा. येथे फुगा त्याच वेळी बाहेर काढला जातो.

दुसरा गैरसमज : डोके दुखते म्हणजे सायनस, आणि फुग्याने ते थांबेल. हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, स्वतःला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असे मानणाऱ्या २,९९१ लोकांना तपासले. त्यांतील ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकारची निघाली. अर्धशिशीतही नाक चोंदते आणि डोळ्यांतून पाणी येते, म्हणून फसगत होते. नाक चोंदणे, घट्ट किंवा पिवळट स्राव, घशात मागून उतरणारा कफ, वास न येणे ही लक्षणे नसतील आणि सी. टी. स्कॅनमध्येही दोष नसेल, तर फुग्याचा उपयोग नाही. अमेरिकेतील नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली हे स्पष्ट नमूद केले. फुगा वापरण्यापूर्वी स्कॅन झालेलाच पाहिजे, असेही त्यांनी सांगितले.

तिसरा गैरसमज : फुग्याने सगळ्या प्रकारचा सायनस बरा होतो. फुगा फक्त वाट रुंद करतो. नाकात वाढलेले मांस, म्हणजे पॉलिप, तो काढीत नाही. बुरशीचा घट्ट मळ तो काढीत नाही. नाकाचे वाकडे हाड सरळ करीत नाही. दोन डोळ्यांमधील सायनस मधमाशांच्या पोळ्यासारखे अनेक कप्प्यांचे असतात. तेथे एकच तोंड नसल्याने फुगा चालत नाही. अशा रुग्णांना दुर्बिणीचे नेहमीचे ऑपरेशनच योग्य. एकाच बाजूचा सायनस वारंवार भरत असेल आणि दुर्गंधी येत असेल, तर वरची दाढ किडलेली आहे का ते आधी पाहावे. दाढेची मुळे गालाच्या सायनसला लागून असतात. दाढ तशीच ठेवून फुगा फुगविणे व्यर्थ आहे. उलट, पॉलिप नसलेल्या आणि प्रामुख्याने गालाच्या सायनसचा आजार असलेल्या निवडक रुग्णांत फुगा आणि दुर्बिणीचे ऑपरेशन यांचा गुण जवळजवळ सारखा येतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दिसले. म्हणजे फुगा वाईट नाही. रुग्णाची निवड महत्त्वाची आहे.

चौथा गैरसमज : नाकातून काही घातले की डोळे किंवा मेंदू जाणारच. डोळा आणि मेंदू सायनसच्या शेजारी आहेत हे खरे, आणि म्हणूनच अनुभवी तज्ज्ञ व स्कॅन यांची गरज असते. गंभीर इजा विरळ आहे, पण अजिबात होत नाही असे कोणी सांगू नये. धोका किती आणि फायदा किती, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले पाहिजे आणि आपण विचारले पाहिजे.

पाचवा गैरसमज : एकदा ऑपरेशन झाले की औषध नको. ॲलर्जी, दमा, चुलीचा धूर, विडी-सिगारेट, गोदामातली धूळ ही कारणे फुग्याने जात नाहीत. वाट मोकळी झाली तरी अस्तराची सूज पुन्हा येऊ शकते. ‘ऑपरेशन केले तरी परत झाले’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा फवारा आणि धुणे मध्येच सोडलेले असते.

सहावा गैरसमज फवाऱ्याविषयी आहे. नाक मोकळे करणारे थेंब दुकानातून आणून महिनोन् महिने घालणारे लोक मी पाहतो. पाच-सहा दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास त्यांच्यामुळेच नाक जास्त चोंदते आणि त्यांची सवय जडते. डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा निराळा. त्याची सवय लागत नाही, तो नाकापुरताच काम करतो, पण गुण यायला काही आठवडे लागतात. ‘स्टेरॉइड’ या शब्दाला भिऊन तो सोडू नये. रमजानमध्ये पुष्कळजण औषधच बंद करतात. बहुतेक फवारे दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचे असतात. डॉक्टरांना सांगितल्यास त्यांच्या वेळा इफ्तारनंतर आणि सेहरीपूर्वी ठेवता येतात.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा स्वस्त आणि गुणकारी उपाय आहे. पाव लिटर पाण्यात पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ पुरे. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. न उकळलेल्या पाण्यातील एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरल्याने कराचीत मृत्यू झालेले आहेत. केरळातही २०२४ साली अशा संसर्गाने मुलांचा बळी गेला. वुजू करताना आपण नाकात पाणी घेतो, तेव्हा ते स्वच्छ असावे आणि जोराने खोल ओढू नये.

मुलांविषयी थोडे. तोंड उघडे ठेवून झोपणारे, घोरणारे, सतत नाक वाहणारे मूल असेल तर बहुधा नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी किंवा ॲलर्जी हे कारण असते. त्याचा उपचार आधी करतात. मुलाला थेट सायनसच्या ऑपरेशनला नेण्याची घाई करू नये.

काही खुणा दिसल्यास मात्र एक दिवसही थांबू नका : डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, ताठ मान व तापासह तीव्र डोकेदुखी, आणि मधुमेही माणसाच्या नाकात किंवा टाळूवर काळे डाग. २०२१ साली कोरोनानंतर आलेल्या काळ्या बुरशीने आपल्या महाराष्ट्रात किती घरांत डोळे आणि प्राण घेतले, ते आपण विसरलेलो नाही.

ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर पालकांनी कागदावर पाच प्रश्न लिहून न्यावेत. स्कॅनमध्ये नेमके काय दिसले? औषधे पुरेशा मुदतीपर्यंत देऊन झाली का? माझ्या आजाराला फुगा का, दुर्बिणीचे ऑपरेशन का नाही? एकूण खर्च किती, आणि एकदाच वापरायच्या फुग्याचा त्यात किती? नंतर किती महिने काळजी घ्यायची? सरकारी व महाविद्यालयीन रुग्णालयांत दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया होतात. सरकारी योजनेत आपला उपचार बसतो का, ते योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. शंका राहिली तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

विद्यार्थी मित्रांनो, घरात अहवाल वाचता येणारे बहुधा तुम्हीच असता. अम्मी-अब्बांबरोबर दवाखान्यात जा, हे प्रश्न त्यांच्या वतीने विचारा आणि उत्तरे लिहून घ्या. शिकलेल्या मुलाचा घराला उपयोग होतो तो असाच. भीतीने उपचार टाळू नका आणि घाईने पैसा घालवू नका, एवढीच माझी विनंती आहे.