शिवारातली पंगत

मेजवानी म्हटली की पाने मोजून मांडतात. लातूरकडची आणि शेजारच्या नांदेड मुलुखातली आपली वेळ अमावस्या मात्र पाने मोजीत नाही. मार्गशीर्षातल्या या दिवशी गावे ओस पडतात, शिवारे गजबजतात. कडब्याच्या खोपीपुढे हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातली ताकाची आंबील! वाटेने जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून जेवू घालायचे, ही रीत. आगटीतला हुरडाही असाच वाटून खायचा. आता हुरड्याला तिकीट लागले, आणि ज्वारीच्या बऱ्याच रानांत सोयाबीन आले. पैसे मोजून हुरडा मिळेल, पण ती हाक कोण मारणार? शेत असलेल्यांनी ती मारावी, आपण शहरवासीयांनी तिला ओ द्यावी, एवढेच आमचे मागणे.